पाला फुटलेली शाळा

वरची वाडी, मेढ्याच्या डोंगरात
भाद्रपद, सन १९७४

आमच्या बनुअक्काचे मालक आणि आमचे थोरले दाजी श्री. नाथाजीराव यांच्या चरणी धाकटा मेहुणा लालासाहेब याचा दंडवत. (चरण कुपवाडला आणि दंडवत मेढ्याला, तेव्हा मधल्या एखाद्या गावाने तो परस्पर घेतला तर रागावू नये.) आपली कंबर कशी आहे? कारखान्यात आपण लोखंडाला वाकवावं, लोखंडाने आपल्याला वाकवू नये, एवढंच सांगणं. अक्काला म्हणावं, इकडे सगळी खुशाली आहे. आमची सौ. विजयमाला ठणठणीत आहे आणि तिचा आवाज तिच्याहून ठणठणीत आहे.

पत्राला उशीर झाला, कारण होळीपासून आजतागायत हात मातीत होते. झालं असं. आमच्या वाडीला शाळा नव्हती, मुलं देवळात बसायची आणि कुणी नवस फेडायला आला की पाढे बंद पडायचे. फाल्गुनात साताऱ्याचा एक ठेकेदार आला आणि म्हणाला, वाडीच्या माथ्यावरची देवराई मला तोडू द्या, त्या लाकडाच्या बदल्यात स्लॅबची पक्की शाळा बांधून देतो. ती राई तुम्ही पाहिली आहे. भर उन्हाळ्यात आत शिरलं की थंडी वाजते, गारंबीचा वेल अजगरासारखा झाडाझाडांवरून जातो, आणि वर शेकरू असं बघतं, की जणू आपणच त्याच्या घरात न विचारता आलो. वाडीचा झरा तिच्याच पोटातून निघतो. पण सरपंच भाऊसोंना स्लॅबचं भारी वेड. (त्यांचं चाललं तर ते भातखाचरालाही स्लॅब टाकतील.) सभेत सगळ्या माना हलायला लागल्या, आणि नेमका त्याच वेळी माझ्या पायजम्यात एक मुंगळा शिरला. मी ताडकन उठलो. लोकांना वाटलं, सुभेदारांना, म्हणजे मला, बोलायचं आहे.

आता उठलोच होतो, तर मनात होतं ते बोललो. म्हटलं, आसामच्या डोंगरात आमची तुकडी असताना असंच एक जंगल लोकांनी साफ केलं, आणि पुढच्याच पावसात तो डोंगर खाली आला. भाताची खाचरं गेली, झरा कुठे गेला ते कुणाला सापडलं नाही. ती माणसं चिखलात उभी राहून वर बघत होती, तशी आपली बघायला नकोत. बोलण्याच्या भरात तोंडून गेलं, की शाळा एक झाड न तोडता, सिमेंटचं एक पोतं न आणता बांधता येते.

भाऊसो शांतपणे म्हणाले, "मग बांध की गड्या तूच. पावसात शाळा टिकली तर राईला कुणी हात लावायचा न्हाई. पडली, तर ठेकेदार कुऱ्हाडी घिऊन येणार. हाय कबूल?"

सगळी वाडी माझ्याकडे बघत होती. मी हो म्हणालो.

घरी आल्यावर विजयमाला म्हणाली, "आवं, जन्मात कोंबड्यांचं खुराडं तरी बांधलंय का तुमी?" दाजी, तुम्हाला ठाऊकच आहे, मी पलटणीत पीठ आणि डाळ सांभाळत होतो. पण वाडीच्या समजुतीप्रमाणे सुभेदार म्हणजे पूल बांधणारा. तो समज मी कधी मोडला नव्हता, कारण तो मला आवडत होता. रात्रभर मला झोप आली नाही. राई गेली असती तर ती माझ्या जिभेमुळे.

पण आसामात बांबूची घरं पाहिली होती, आणि आपल्या आज्यांची घरंही मातीचीच होती. पायाला दगड, भिंतीला तांबडी माती, पेंढा आणि शेण, वर आपापल्या बांधावरच्या बेटांतले बांबू आणि गवत. माती तुडवायला सगळी वाडी उतरली. मी लेफ्ट-राइट म्हणून कवायतीने तुडवायला लावली, तेव्हा पहिल्याच 'राइट'ला निम्म्या पुरुषांच्या वहाणा चिखलात गेल्या. मग विजयमालेने मला बाजूला केलं आणि बायका ओव्या म्हणत उतरल्या, तशी माती लोण्यासारखी झाली. घाईने पहिली भिंत मी एका दिवसात माझ्या उंचीएवढी चढवली. दुपारी तिला भाऊसोंसारखं पोट आलं आणि ती बसली. माणसं लांब होती, देवाची कृपा, पण खाली भाऊसोंची छत्री गाडली गेली. तेव्हापासून रोज हातभरच भिंत, ती वाळली की पुढची.

छपराची वळचण खाली उतरवली, म्हणजे पावसाचा सपका भिंतीला लागू नये. सपका लागला नाही, पण भाऊसोंच्या म्हशीचं तोंड लागलं. तिने एका सकाळी शाळेची पूर्व बाजू खाल्ली. (मी तक्रार केली, तर भाऊसो म्हणाले, "म्हस अडाणी हाय, तिला शाळा कशी कळणार?") नवं गवत घालून कडेला शेणकाला शिंपडला, तेव्हा तिने नाद सोडला.

आषाढात पाऊस असा लागला, की समोरचं घर दिसेना. भाऊसो रोज सकाळी इरलं घेऊन भिंत विरघळली का बघायला यायचे, आणि मी त्यांच्या आधी. भिंती उभ्या राहिल्या. उलट, ओसरीचे खांब पांगाऱ्याच्या फांद्यांचे होते, त्यांना पाला फुटला!

श्रावणात ठेकेदार, शाळा पडलीच असणार असं धरून, करवतवाले घेऊन हजर झाला. त्याने खांब बघितले आणि हसत सुटला. "सुभेदार, हे बांधकाम हाय का लागवड?"

विजयमाला म्हणाली, "दोन्ही हाय. तुमच्या स्लॅबला कवा फुटतोय पाला?"

तेवढ्यात सर आली ती अशी, की त्याची जीप चिखलात रुतली आणि भाऊसोंसकट सगळे पळत शाळेत शिरले. आत मुलं पाढे म्हणत होती. ठेकेदार छपराकडे बघत राहिला. एक थेंब पडेना. विजयमालेने नाचणीची भाकरी आणि झुणका दिला, तो त्याने खाल्ला, भिंतीला टेकला आणि दाजी, तो घोरायला लागला! बाहेर आभाळ फाटलेलं आणि आत राई तोडायला आलेला माणूस लेकरासारखा झोपलेला. भाऊसो बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे होते. मग करवतवाल्यांना म्हणाले, "ह्यो उठला की जीप ढकला आन जावा. राई ऱ्हाऊ द्या." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझा गोठाबी असाच बांधशील का रं?"

मी बाहेर जाऊन पावसात उभा राहिलो. डोळे पुसायला ती जागा बरी.

असो. अक्काला नमस्कार, भाचरांना आशीर्वाद.

आपला,
लालासाहेब

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. भाऊसोंच्या गोठ्यानंतर खालच्या वाडीचं देऊळ बांधायचं आहे, आणि पाचगणीच्या एक बाई नकाशा घेऊन आल्या, त्यांना मातीची पाहुण्यांची खोली हवी. सगळे मला इंजिनियर म्हणतात. कृपा करून तार करा, 'लालासाहेबास ताबडतोब पाठवा'. मला तुमच्या स्लॅबच्या खोलीत, विजेच्या पंख्याखाली, महिनाभर झोपायचं आहे. विजयमालेला यातलं काही कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. दाजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडंच दिलं व्हतं. तार जरूर करा, पर 'दोघांनी या' म्हणून करा. माती काय एकट्या सुभेदारांनी तुडवली न्हाई. पंख्याखाली मी झोपणार, ते भिंतीकडंला. — विजयमाला