होल्टबीबाईंची शांत मुलं

६ ऑक्टोबर, सोमवार

एल्सबर्गला आले एकदाची. विनिपेगपासून चार तास गाडी चालवली; सारा वेळ दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं नि वर हे एवढं मोठं आभाळ. हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या मिळाल्यात. घरमालकीणबाईंनी टेबलावर सफरचंदाचा केक झाकून ठेवला होता. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की हीटर खडखडला तर त्याला खालून एक लाथ घालावी. हे गाव मला आवडणार.

अठरा वर्षं बालवाडीत शिकवलं, आता चव्वेचाळिसाव्या वर्षी सरकारी निरीक्षक झाले. अकरा पाळणाघरं आणि चार शाळा माझ्याकडे. ऑफिसात पेटी ताब्यात मिळाली: मोजपट्टी, थर्मामीटर, ब्लीचचं पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या आणि चौदा पानी तक्ता. दर मुलामागे जागा किती, डायपर बदलल्यावर हात किती वेळ धुतले, सगळ्याला रकाना. लोक असल्या तक्त्यांना हसतात. तीन वर्षांच्या पोराला तक्रार लिहिता येत नाही, म्हणून कुणीतरी त्याच्या वतीनं मोजायला लागतं, एवढंच मला कळतं.

साहेब गॉर्डन वीब, ढेरपोटे, सतत पेपरमिंट चघळणारे. म्हणाले, बाकीची ठिकाणं डोकं उठवतील, तेव्हा सुरुवात होल्टबीबाईंकडून कर. माझ्याआधीचे लाइल अंगर नऊ वर्षं त्यांना पूर्ण गुण देत आले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

होल्टबी पाळणाघर जुन्या डेअरीच्या इमारतीत आहे. व्हर्ना होल्टबी साठीच्या आहेत. इस्त्रीचा एप्रन, हाताला साबणाचा वास, बोलणं मऊ.

मुलं चोवीस. दोनदा मोजली, कारण आवाजच नव्हता. ठोकळे रचत होती, पडले की पुन्हा रचत होती. एकीनं दुसरीच्या हातातून बाहुली ओढून घेतली. दुसरीनं आपल्या रिकाम्या हाताकडे नुसतं पाहिलं. माझ्या वर्गात ऑक्टोबर म्हणजे शेंबडाचा महिना. इथे एकाचंही नाक वाहत नव्हतं.

फ्रिज चार अंशांवर, औषधांच्या कपाटाला कुलूप, उशा धुतलेल्या. बोट ठेवायला जागा नाही. फक्त ब्लीचच्या वासाखाली दुसरा एक वास होता, बाळाच्या मानेच्या वळीत दूध साचून आंबतं तसा. निघताना एका चिमुरड्यानं माझं बोट धरलं. हात गार, ओलसर, फ्रिजमधून काढलेल्या चीजसारखा. मी बोट पँटला पुसलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

पूर्ण गुण दिले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

तानिस बूव्हेट नावाची बाई ऑफिसात आली. इस्पितळाच्या धुलाई खात्यात कामाला आहे. तिची कोरी, वय तीन, उन्हाळ्यापासून होल्टबीबाईंकडे जाते. तानिस म्हणाली, सहा आठवडे झाले, पोरगी रडलेली नाही. गेल्या आठवड्यात पायरीवरून पडली आणि मनगट मोडलं. हात लोंबत होता, आणि कोरी आईकडे बघत शांत उभी होती. जीभ बघितली तर राखाडी.

“मी बाळंत झाले तेव्हा ती रडेपर्यंत माझा श्वास अडकला होता,” ती म्हणाली. “आता पुन्हा तसाच अडकलाय.”

ती गेल्यावर गॉर्डन म्हणाले की बाई नुकतीच नवऱ्यापासून वेगळी झाली आहे, तिचं काय मनावर घेतेस. होल्टबीकडे नाव घालायला गावात रांग आहे. पण तानिसनं तक्रार लेखी दिली होती, आणि तशी आली की पाच दिवसांत न सांगता भेट द्यावी लागते, हा नियम मी त्यांना दाखवला. ते पेपरमिंट चघळत राहिले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

जेवणाच्या वेळी गेले. मुलं ओळीनं उभी होती, तोंडं उघडी, पिल्लांसारखी. होल्टबीबाई एका पांढऱ्या भांड्यातून प्रत्येकाला चमचाभर काहीतरी भरवत होत्या. राखाडी, गुळगुळीत, चमच्यावरून लांब तार सुटणारं. प्रत्येक मूल गिळताना डोळे मिटत होतं.

मी विचारलं. म्हणाल्या, घरचं दही, विरजण आईकडून आलेलं. घरी बनवलेलं द्यायला परवानगी नाही, असं मी सांगितलं आणि नमुना मागितला. त्यांनी आनंदानं बरणी भरून दिली. बरणी कोमट होती. भांडं मात्र फ्रिजमधलं, गार होतं, मी स्वतः हात लावून पाहिलं होतं.

दुपारी मुलं झोपली, सगळी उजव्या कुशीवर. प्रत्येकाच्या गालाखाली एक फडकं. तासाभरानं बाईंनी ओली फडकी बादलीत गोळा केली. लाळेनं जड झालेली. कपडे धुवायचं मशीन डावीकडे आहे. त्या बादली घेऊन उजवीकडच्या दारानं खाली गेल्या.

इमारतीच्या नकाशात तळघर नाही.

घरी आल्यावर दोनदा ओकले.

२२ ऑक्टोबर, बुधवार

विनिपेगच्या प्रयोगशाळेतून फोन आला. दूध, माणसाची लाळ, माणसाचे अश्रू, जंतू शून्य. तपासणारा चाचरत होता. म्हणाला, आमच्या उकळून थंड केलेल्या पाण्यातही एवढी स्वच्छता नसते. अहवालात ‘मर्यादेत’ असंच लिहावं लागेल. मग म्हणाला की नमुना त्यानं जाळून टाकला, कारण बरणीचं झाकण आतून उचललं जात होतं.

मर्यादेत. चोवीस मुलांना एकमेकांची थुंकी भरवली जाते आणि ती मर्यादेत आहे.

तानिसनं कोरीला घरी ठेवलंय, हे एक बरं झालं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज तळघरात गेले. अडवतील असं वाटलं होतं. होल्टबीबाईंनी किल्ली दिली आणि पायऱ्या ओल्या आहेत, जपून, असं म्हणाल्या.

खाली डेअरीची जुनी स्टीलची टाकी आहे, दोन माणसं झोपतील एवढी. तिच्यात ते. वर साय धरलेली, जाड, पिवळट, सुरकुतलेली. सायीत मुलांचे बारीक केस अडकले होते आणि दोन-तीन दुधाचे दात. वास असा की जिभेवर थर बसला. बाईंनी बादलीतली फडकी एकेक करून टाकीवर पिळली. साय थरथरली. मग मधोमध फाटली, आणि आतून आवाज आला.

रडण्याचा. खूप मुलांच्या रडण्याचा, पण हळू, उशीत तोंड खुपसून रडावं तसा. त्यात एक आवाज सारखा आईला हाक मारत होता.

बाईंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते मुलांचं रडणं पितं. त्याचा चमचा पोटात गेला की रडणं, राग, हट्ट, सगळं लाळेवाटे बाहेर येतं आणि फडक्यातून इथे पोचतं. जोवर ते इथे आहे तोवर मुलांना त्याची ओढ राहते.

“माझी पहिली मुलगी तीन महिने रडत होती,” त्या म्हणाल्या. “एका दुपारी मी उशी हातात घेतली होती. त्या दिवशी आईनं मला हे आणून दिलं. सांग ना, काय चुकलं माझं?”

मी पायरीवरच ओकले. त्यांनी ते पुसलं. त्याच फडक्यानं. आणि फडकं पिळलं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

बंद करण्याचा हुकूम लिहिला. गॉर्डननी सही केली नाही. कुठल्या कलमाखाली, विचारतात. तळघर नकाशात नाही, त्याची नोटीस काढ म्हणाले, नवा नकाशा जोडला की काम झालं. लाइल अंगर यांनीही पहिल्या वर्षी हीच नोटीस काढली होती, म्हणाले; नकाशा मात्र कधी जोडलाच गेला नाही. म्हणजे यांना माहीत होतं. गॉर्डनचा धाकटा नातू तिथेच आहे. आपल्या नातवाच्या तोंडात ते जातं हे ठाऊक असून हा माणूस समोर बसून पेपरमिंट चघळतो.

संध्याकाळी पालकांना चर्चच्या हॉलमध्ये बोलावलं. सगळं सांगितलं, तळघरात काढलेले फोटो दाखवले. मला वाटलं, आता उठतील, धावतील, पोरांना घेऊन येतील. एका बापानं विचारलं, पर्यायी व्यवस्था काय. एक आई म्हणाली की तिचं बाळ दहा तास झोपतं, आणि तू येणार आहेस का रात्री जागायला? टाळ्या पडल्या. कॉफी आणि बिस्किटं होती. सगळे बोटं चाटून खात होते आणि मला त्यांच्या तोंडांकडे बघवेना.

तानिस सर्वांत मागे बसली होती. जाताना सांगून गेली. घरी ठेवल्यावर कोरी चार दिवस सलग रडली. पाणी प्यायली नाही, झोपली नाही, शेवटी घशातून रक्त आलं. सोमवारी तिनं स्वतः तिला परत नेऊन सोडलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

ते असेपर्यंत ओढ राहणार. मग ते असता कामा नये.

३ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी, मुलं झोपलेली असताना गेले. किल्ली अजून माझ्याकडेच होती. टाकीच्या बुडाला तोटी आहे, डेअरीच्या काळातली, गंजलेली. पाना लावून जोर केला. फिरली.

गेलं सगळं. गटाराच्या जाळीतून, घटाघटा. पण साय शेवटी अडकली. हातानं ढकलावी लागली. हातमोजा फाटला. ती कोपरापर्यंत चढली, कोमट, आणि चिकटली, जशी मुलं चिकटतात शाळेच्या पहिल्या दिवशी — नखांनी ओरबाडून काढली. तोंडावर उडालं. ओठांवर.

मग वर आवाज. चोवीस मुलं, एकदम, मोठ्यानं, गळा काढून. मी वर धावले. नाकं वाहत होती. एकानं दुसऱ्याला चावलं. कोरीला मनगट दुखत होतं आणि ती ते ओरडून सांगत होती. मीही तिथेच फरशीवर बसून रडले. शेवटचं कधी इतकं बरं वाटलं होतं आठवत नाही.

होल्टबीबाई दारात उभ्या होत्या. चिडल्या नाहीत. माझ्या हाताकडे बघत होत्या.

“ते वाहून जात नाही गं,” म्हणाल्या.

५ नोव्हेंबर

पाळणाघर बंद. होल्टबीबाई बहिणीकडे निघून गेल्या. तानिसचा फोन आला, कोरी काल रडली, मग हसली, मग तिला टोस्ट हवा होता. रात्रभर झोपली. तानिस हुंदके देत आभार मानत होती.

हात ब्लीचनं धुतला. चार वेळा. वास जात नाही.

६ नोव्हेंबर

आरशात जीभ पाहिली. राखाडी. घासली. ब्रशवर तार आली, लांब, तुटेना. बेसिनमध्ये थुंकले आणि ती थुंकी — जागची हलली. वर, माझ्या दिशेनं.

ओकारी येतेय पण काही बाहेर येत नाही. ते आतच राहतं. धरून बसतं.

७ नोव्हेंबर

पोटातून आवाज. आईला हाक मारणारा तोच. हात दाबून धरला की थांबतो.

डॉक्टर म्हणाले, सगळं मर्यादेत.

केक, सूप, भात, काही खाववत नाही. सगळं कोरडं. माती.

८ नोव्हेंबर

सुपरमार्केटमध्ये एक बाळ गाडीत बसून रडत होतं. मी त्याच्या मागे मागे तीन ओळी फिरले. का, ते आधी कळलं नाही. मग हनुवटी ओली लागली. लाळ गळत होती. माझी.

धावत बाहेर आले. शी. शी. माझी मलाच — पण शिसारी पूर्वीसारखी येत नाही. आठवून आणावी लागते.

दार लावून बसणार. कुणाला आत घ्यायचं नाही.

१० नोव्हेंबर

तानिस आली होती. दार उघडायचं नव्हतं. तिला कामावर जायचंय आणि गावात कोरीला ठेवायला जागाच उरली नाही, माझ्यामुळे. अर्धा दिवसच, म्हणाली. तुझ्याशिवाय कुणावर विश्वास नाही माझा.

नको म्हणाले. तीनदा म्हणाले. तोंड इतकं भरलं होतं की शब्द नीट —

तिला ऐकू आलं नाही. गेली.

कोरी सोफ्यावर. आई गेली म्हणून ओठ काढलाय. मी खोलीच्या या टोकाला, खुर्चीला धरून. लिहीत राहायचं. लिहीत राहिलं की हात इकडे राहतो.

रडायला लागली. गालावरून ओघळ. नाक. चकाकतंय सगळं. वास किती गोड आहे, मला आधी का कळलं —

तानिसची गाडी अजून खाली आहे, इंजिन चालू आहे, खिडकीतून हाक मारली तर ऐकेल. मारते. मारतेच. फक्त आधी कोरीचं तोंड पुसून, जिभेनं न