फळीला सूतभर जागा

मी, खाली सही करणारा, धंद्याने सुतार, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. नाहीतर म्हातारा भ्रमिष्ट झाला होता, असं माझाच मुलगा सांगत सुटेल.

१. राहतं घर बायकोच्या नावे. स्वयंपाकघरातल्या ओट्यावरची लाकडी फळी मुलाने चिकटवू नये. "बाबा, हलते ती, गोंद लावून टाकतो," असं तो दोनदा म्हणाला आहे, आणि गोंदाचा डबा मी त्याच्या कपाटात पाहिला आहे. फळी दमट हवेत रुंदीला फुगते, कोरड्या हवेत आकसते. म्हणून पुढचे स्क्रू पक्के आणि मागच्या स्क्रूंना लांबट भोकं ठेवली आहेत. ते करकचून आवळू नयेत.

२. कामाची शेड आणि सगळी हत्यारं धाकट्या भावाला. त्याने माझे कान भरले, असं मुलगा म्हणेल. कान भरायला बोलणं तरी हवं! बावीस वर्षं आमचा अबोला होता.

औषधांच्या दुकानाचं काउंटर आम्ही दोघांनी केलं. आठ महिन्यांत वरची फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. दुकानदारासमोरच मी भावाला म्हणालो, "ओलं लाकूड आणलंस तू."

"दादा, इथं नको. शेडवर जाऊन बोलू."

मला ती कबुलीच वाटली. शेडवर मी त्याला तोंड उघडू दिलं नाही. आपला रंधा उचलून तो गेला.

गेल्या महिन्यात ते दुकान बंद झालं आणि फळी माझ्याकडे आली. उलटी केली. सगळी भोकं गोल, स्क्रूच्या मापाची; लाकडाला सरकायला सूतभर जागा नाही. ती भोकं मी पाडली होती.

भावाच्या घरी गेलो. तो म्हणाला, "मी तेव्हाच खाली वाकून पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"गिऱ्हाइकासमोर? तुझी लाज गेली असती, दादा."

तरी मी विचारलंच, "यात तुझा काही डाव नाही ना?" तो हसला. मला रडू आलं.

३. बँकेतली शिल्लक मुलाला. त्याने वरील कलमांवर कुरकुर केल्यास सुनेला. ती निदान विचारून हात लावते.

ज्याला मिळकत मिळते तो साक्षीदार नसावा, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून भाऊ बाहेर पायरीवर बसला आहे. सही झाली की त्याला आत बोलावतो.

सही: (सुतार)
साक्षीदार: १. दाखला देणारे डॉक्टर २. समोरची शिंपीण
ठिकाण: माझी शेड, आजपर्यंत माझी
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२०