गुप्त खर्च आणि कांद्याचं पिठलं

२२ फेब्रुवारी १९३८, मुंबई

असेंब्लीत माझा प्रश्न उडवला. दोन ओळींचा तर होता. गुप्त पोलिसांच्या खबऱ्यांवर सरकार किती खर्च करतं, आणि त्यांच्या खबरा खऱ्या की खोट्या हे कोण तपासतं? उत्तर आलं, "सांगणे सार्वजनिक हिताचे नाही." पैसा रयतेचा, हित रयतेचं, फक्त विचारायचं तेवढं रयतेनं नाही! हेच उत्तर गोरा साहेब द्यायचा तेव्हा आम्ही निपाणीच्या बाजारात निषेधाची सभा घेत होतो. आज आमच्याच माणसानं दिलं नि सगळी बाकं गप्प. शेजारचे मेंबर कानात म्हणाले, "आता आपलं राज्य आहे, जरा दमानं." अहो, आपलं आहे म्हणूनच विचारतोय.

सौ.ला काय कळवू? तिला खर्चबिर्च नको आहे. बत्तीस साली माझ्यावर खबर दिली ती तिच्या भावानं, नेमूनं, की दुसऱ्या कोणी, एवढंच तिला हवंय.

२४ फेब्रु.

गृहखात्यात बसलेले एक वडीलधारे आहेत, आमच्याच पक्षाचे. नाव इथंही लिहीत नाही. चहाला बोलावलं. समजूत काढायला, दुसरं काय. बोलता बोलता हसायला लागले. "तुमच्यावरची जुनी खबर पाहिली. रात्री दहाला घरी पंगत, कांद्याचं पिठलं नि भात, आणि जेवताना तारखात्याच्या तारा तोडायचा बेत! मोठी मेजवानी देता की."

मी गारच पडलो. आम्ही जैन. दिवस मावळला की घरात चूल पेटत नाही, आणि कांदा तर उंबऱ्याच्या आत येत नाही. निपाणीतलं शेंबडं पोरसुद्धा ही खबर ऐकून हसलं असतं. तिच्यावर मी दीड वर्ष तुरुंगात काढलं! विचारलं, "हे कोणी तपासलं नाही?" म्हणाले, "तपासणार कोण? खबऱ्या कोण ते ज्याला ठाऊक, तो सांगत नाही. ज्याला ठाऊक नाही, तो विचारत नाही. आणि हे बाहेर बोलायचं नाही हं. शब्द द्या."

दिला. जीभ झडली नाही.

म्हणजे नेमू नव्हता. त्या संध्याकाळी तो माझ्या तंबाखूच्या वखारीत होता, सगळे पकडले गेले नि तो एकटा सुटला, म्हणून मी त्याच्यावर ठपका ठेवला. पण नेमूच्या तोंडून आमच्या घरी कांदा? शक्यच नाही.

की त्यानंच मुद्दाम घातला असेल? कोणी शहाणा वाचेल नि खबर खोटी ठरवेल म्हणून?

छे. डोकं फिरायची वेळ आली.

३ मार्च

पोलीसखात्याच्या खर्चाची मागणी मंजूर. गुप्त खर्च त्यातच पोटात. चर्चा शून्य. पक्षाचा हुकूम, हात वर. माझाही वर गेला. ज्यानं मला आत घातलं त्याच्या पुढच्या वर्षाच्या पगाराला मीच मान डोलावून आलो. स्वतःचा एवढा राग याआधी कधी आला नव्हता.

९ मार्च, निपाणी

वखारीसमोरच्या कडुलिंबाखाली पोलीस जमादार जागेवर. हा उघड पाळतीवरचा. आठ वर्षं बसतोय, सौ. त्याला ताक पाठवते. म्हटलं, "अरे, सरकार बदललं की! आता कुणावर लिहितोस?"

"तुमच्यावरच की आप्पा. हुकूम न्हाय बदलला."

"मी आता सरकारात आहे!"

"व्हय, त्येबी लिवलंय."

सौ.ला एवढंच सांगितलं, नेमू नव्हता. कसं कळलं ते विचारू नको. ती चुलीपुढं बसून रडली. मग भडकली. "सहा वरसं भावाचं तोंड बघू दिलं न्हाईसा. आई गेली तवा दारातनं परत आलो आपण. आता म्हणताय नव्हता?" उद्या चिकोडीला त्याच्याकडे जातो म्हटलं.

१० मार्च

चिकोडी. नेमू थकलाय. केस पांढरे. पाणी आलं, गूळ आला. मी म्हटलं, चुकलो. त्यानं विचारलं,

"तुला कुणी सांगितलं, मी न्हवतो म्हणून?"

सांगता येईना. शब्द दिलेला. म्हटलं, "कळलं वरून."

"म्हंजे सरकारनं सांगितलं." हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "मी बस्तीच्या देवळात देवापुढं हात ठिवून सांगितलं हुतं, आठवतंय? तवा न्हाय पटलं तुला. आज त्येंच्या खबरीवर पटलं. उद्या त्येंनी फिरवून सांगितलं तर?"

तुरुंगात गेलो तेव्हा इतकं लागलं नव्हतं. ज्या खबरा कोणी तपासत नाही म्हणून मी भर सभेत ओरडलो, त्यातलीच एक न तपासता उराशी धरून त्याच्या दारात गेलो होतो. निघताना म्हटलं, परवा ये, बहीण वाट बघतेय. हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. त्याची बायको मात्र आतून म्हणाली, "आक्कांना इचारलंय म्हणून सांगा."

१२ मार्च

सौ.नं दुपारपासूनच स्वयंपाकाला घेतलंय. पाट एक जास्त मांडलाय. मी तीनदा दारात जाऊन आलो. चिकोडीची मोटार येऊन गेली, नेमू नव्हता. सौ. म्हणते, बैलगाडीनं यील, त्याला मोटार लागते. असेल.

ऊन वखारीच्या कौलांवर चढलंय. थोडाच दिवस उरलाय, मग जेवता यायचं नाही.

जमादार लिंबाखालून उठून दाराशी आला. त्याला कोणी सांगितलं देव जाणे. "आप्पा, नेमूअण्णा येनार म्हनं. आलं तर लिवू का?"

म्हटलं, "लिही. जेवला तर तेही लिही. फक्त दिवसाउजेडी जेवला म्हणून लिही."

तो परत लिंबाखाली जाऊन बसला. आता आम्ही दोघंही त्याच रस्त्याकडे बघतोय.