फोन उचलणारी बाई

सोमवार, ४ मार्च

किळस आली आज. आम्ही श्रवणयंत्रं विकतो. कमी ऐकू येणारी म्हातारी माणसं आम्हाला फोन करतात — आणि त्यांचे फोन आता माणसाऐवजी एआय सॉफ्टवेअर घेणार म्हणे. विक्रेता चकचकीत बूट घालून आला. स्वतःच फोन लावला, स्वतःच प्रश्न विचारला, पलीकडून गोड बायकी आवाजात उत्तर आलं. साहेब लट्टू.

खरेदी माझ्याकडे. म्हणून विचारलं, हिने चुकीचा सल्ला दिला तर जबाबदार कोण? आमच्या ग्राहकांचं बोलणं साठवून ठेवता कुठे? तो हसला. "मॅडम, तुम्ही फार खोलात जाताय."

मग खरेदी काय वरवर करायची?

मंगळवार, ५ मार्च

साहेब सही करायलाच बसले होते. तीन वर्षांचा करार, मधे सोडायची सोय नाही! भांडभांड भांडले. शेवटी थोडे दिवस चाचणी मिळाली — फोन आमच्याच ग्राहकांचे, विक्रेत्याने निवडलेले नाहीत. साहेबांचं तोंड वाकडं.

बुधवार, ६ मार्च

चाचणीचा नंबर आला. काही जुन्या ग्राहकांना कळवला. सासऱ्यांनाही दिला, त्यांच्या कानात आमचंच यंत्र आहे. पलीकडे माणूस नाही, हे मुद्दाम सांगितलं नाही. खरी परीक्षा व्हायला हवी. म्हटलं, बाबा, काहीही विचारा, पिडा अगदी.

शुक्रवार, ८ मार्च

दिवसभर चाचणीतले फोन ऐकले. शी!

एक आजी सांगत होत्या, यंत्र घातलं की कानातून पाणी येतं. हिचं उत्तर काय, तर यंत्र मऊ कापडाने पुसा. डॉक्टरांना दाखवा, हे एका शब्दाने नाही. एक आजोबा "काय? काय?" करत राहिले, ही तेच वाक्य त्याच सुरात घोळवत राहिली. शेवटी आजोबांनीच "माफ करा हं" म्हणून फोन ठेवला. माफी त्यांनी मागितली! दुपारी डबा उघडावासा वाटला नाही.

विक्रेत्याला ऐकवलं. म्हणे, हे ग्राहक जरा वेगळे आहेत. अरे, आमचे ग्राहक हेच आहेत.

शनिवार, ९ मार्च

साहेब म्हणतात, चुका माणूसही करतो. करतो ना. पण माणसाला बोलावून विचारता येतं. विक्रेत्याने काल साहेबांना जेवायला नेलं होतं, हे ड्रायव्हरकडून कळलं. ओकारी यायची तेवढी बाकी.

सोमवार, ११ मार्च

बैठकीत सगळ्यांसमोर आजींचा फोन ऐकवला. मग साहेबांनी खाली बघतच विचारलं, "या बाईंना नंतर कोणी फोन केला?"

मी केला होता. कानात जखम निघाली, औषध सुरू आहे.

करार परत. चाचणीचा नंबर दुपारीच बंद झाला. विक्रेता माझ्याकडे न बघता निघून गेला. पोटभर जेवले आज.

मंगळवार, १२ मार्च

घरी आले तर बाबा माझी वाटच बघत होते. म्हणाले, "अगं, तुमच्या ऑफिसातली ती बाई फोन उचलत नाही. बरी आहे ना ती?"

त्यांचे फोन मी ऐकलेच नव्हते, घरचेच म्हणून. आता ऐकले. रोज दुपारचे. यंत्राबद्दल एकही प्रश्न नाही.