ताटलीतलं कासव

शनि., १० जाने.
आज आठवड्याची वजनं घेताना कळलं, रेस्क्यू सेंटरमधली बटाटी गायब! भारतातून चोरून आणताना इथल्या बंदरात जप्त झालेली स्टार कासवं आहेत ना, त्यातली सगळ्यात लहान. कुलूप शाबूत, म्हणजे रविवारच्या ओपन डेला कुणीतरी खिशात घातली. सेंटर चालवणाऱ्या डेव्हने विचारलं आम्हा सगळ्या व्हॉलंटिअर्सना, बघत होता मात्र माझ्याकडे. कासव भारतातलं म्हणून चोरही भारतातलाच का रे बाबा? इतकी वर्षं इथल्या कासवांची वजनं, खाणंपिणं, आजारपणं मी लिहून ठेवतेय. डोकंच फिरलं.

मंगळ., १३
ओपन डेला माझ्याबरोबर वैशाली होती. स्टॅनमोरहून मुद्दाम आली. 'अगं, जिवंत कासव घरात असलं तर वास्तूला किती चांगलं!' मी हसण्यावारी नेलं. तिच्या नवऱ्याची, विनीतची, नोकरी गेलीय, व्हिसाची मुदत संपत आलीय, कुणी काहीही सुचवलं की बिचारी करून बघते.
छे! कॉलेजपासूनची मैत्रीण. काहीतरीच माझं.
पण कासवांच्या हीटरच्या खोलीत तिने कोट काढला नव्हता. आम्ही सगळे घामाने निथळत होतो.

गुरु., १५
वैशालीचा फोन. थंडी, विनीतचा इंटरव्ह्यू, मग सहजच असल्यासारखं:
'काय गं, कासवाच्या नाकातून बुडबुडे आले तर काय करतात?'
'कुणाच्या कासवाच्या?'
'असंच. यूट्यूबवर बघितलं.'
म्हटलं, कोरड्या रानातला जीव तो, सारखा पाण्यात ठेवला की छाती भरते, मरतो. बाहेर काढायचं, ऊब द्यायची, व्हेट गाठायचा. 'हो का' म्हणून घाईघाईने फोन ठेवला.
यूट्यूब म्हणे!

शुक्र., १६
न कळवता वैशालीकडे गेले. हॉलमध्ये पाण्याची ताटली, त्यात पितळेचं कासव, तोंड उत्तरेला. मी काही विचारायच्या आत, 'हे बघ, पितळेचं आणलं.' चहा टाकायला वळली आणि रडायलाच लागली. बॉयलरच्या उबदार कपाटातून बुटांचा खोका काढला. आत स्टार कासव, डोळे सुजलेले.
'ऑनलाइन घेतलंय गं, आईशप्पथ! कुणाला सांगू नकोस. चोरीचा आळ आला तर विनीतच्या व्हिसाचं काय?'
असा संताप आला. आणि तिचा चेहरा बघवेना. खोका उचलला, थेट व्हेटकडे.

शनि., १७
जगेल म्हणाली व्हेट. इंजेक्शनं चालू. आमच्या किचनमध्ये दिव्याखाली ठेवलंय.
पाठीवरून या पिल्लांमध्ये फरक कळत नाही. पोटावरचे पट्टे मात्र ज्याचे त्याचे. बटाटीचे फोटो माझ्याच फोनमध्ये आहेत. व्हेटने उलटं केलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसले.
डेव्हचा मेसेज: 'एनी न्यूज?'
वैशालीचा: 'कसं आहे गं?'
तिला लिहिलं, बरं आहे. डेव्हला अजून काही नाही.
आत्ता हातात घेतलंय. पाय हलवतंय. उलटं केलेलं नाही.