सहावं रीळ आधी

४ मार्च
ती. दादास,
शि. सा. नमस्कार.
आम्ही खुशाल. तुझ्या गुडघ्यांची कुरकुर थांबली का? बातमी अशी, की आपल्या थिएटरात १५ तारखेला तो खोट्या डॉक्टरचा सिनेमा पुन्हा लागतोय. चाळीस वर्षांपूर्वी तू केबिनमधून पंचवीस आठवडे चालवलास, तोच. माझी नात त्याचे तुकडे मोबाइलवर बघून पोट धरून हसते. ऑपरेटर म्हणून तुझा सत्कार ठरलाय. आढेवेढे घेऊ नकोस.
लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी भांडखोर बहीण

८ मार्च
चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.
मी येणार नाही. कुणाला सांगू नकोस, पण पहिल्याच दिवशी घाईत मी पाचव्याआधी सहावं रीळ लावलं. हिरोनं आधी सासऱ्याचा मार खाल्ला आणि मग डॉक्टरचं सोंग घेतलं! मी घाबरून गेलो, तर डोअरकीपर धावत वर आला. म्हणाला, लोक लोळताहेत. मार खाऊनही गडी सुधारत नाही म्हणून टाळ्या वाजवताहेत. मग ते बदलायची माझी छातीच झाली नाही. पंचवीस आठवडे साऱ्या गावाला चुकीचा सिनेमा दाखवला. आता खरा बघून सगळं उघड होईल. कुठल्या तोंडानं हार घालून घेऊ? माझे गुडघे दुखतात म्हणून सांग.
तुझा दादा

१६ मार्च
ती. दादास,
शि. सा. नमस्कार.
आधी रागावून घे, कारण मी तुझं पत्र स्टेजवर वाचलं. काय करणार? सिनेमा सुरळीत चालला, पोरंही हसली, पण मध्येच जुनी मंडळी ओरडायला लागली, की मार आधी, मार आधी! मालक बिचारा घामाघूम. पत्र ऐकून थिएटर डोक्यावर घेतलं सगळ्यांनी. अकरा वेळा सिनेमा बघितलेला कंपाउंडर म्हणाला, दादाचाच सिनेमा खरा. आता २९ तारखेला तुझ्या क्रमानं खेळ आहे. पण कुठलं रीळ नेमकं कुठं संपायचं, हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक? दादा, मला तुझा फार अभिमान वाटला रे.
वाट बघायला लावू नकोस.
तुझी छोटी

२१ मार्च
चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.
पत्र वाचून तुझा कान पिळावासा वाटला, मग डोळे पुसले. शुक्रवारी येतो. रिळं कुठं जोडायची ते मालकाला दाखवीन, हारही घेईन. पण खेळाच्या वेळी मला केबिनमध्ये बसवू नका. खाली, लोकांच्या मधोमध खुर्ची ठेवा. पंचवीस आठवडे मशीनच्या घरघरीत त्यांचं हसणं मला एकदाही ऐकू आलं नाही.
तुझा दादा