दीड रुपयात कळंब

शुक्र. ७ नोव्हें.
आरटीओत गाडी पास झाली. सत्तावीस वर्षं शेडमध्ये उभी असलेली बस आज स्वतःच्या चाकांवर घरी आली. इंजिन रहीममिस्त्रींच्या हातचं, पैसा माझ्या पेन्शनचा. रविवारी पहिली फेरी, यवतमाळ ते कळंब आणि परत. ३२ सीट, जाऊन-येऊन तीनशे. वर्षभराच्या विम्याला नेमके ९६०० कमी आहेत. मुदत शनि. १५, दु. १. तोवर पासिंगपुरता काढलेला विमा आहे. नंतर गाडी उभी, आणि भंगारवाला दोनदा येऊन गेलाय.

रवि. ९
फुल्ल. कंडक्टर मी. जुन्या ठशाची तिकिटं मुद्दाम छापून घेतली होती, गंमत म्हणून. त्यावर जुनंच भाडं, दीड रुपया.

पहिल्या सीटवर पेंदोर गुरुजी, निवृत्त हेडमास्तर. तीनशे मागितले तर म्हणाले, "जाहिरातीत काय लिहिलं? भाडं तिकिटावर पाहावं. पाह्यलं."

खरंच. जाहिरात सहा ओळींत बसवताना तीनशेची ओळ मीच कापली. आयुष्यभर वर्तमानपत्रात दुसऱ्यांची पानं तपासली.

सगळ्यांनी दोन-दोन रुपये दिले. मागून कोणीतरी, "पन्नास पैसे राहू द्या, टायरले लावा."

जमा ६४. पण गाडी भरल्या पोटी चढ चढली. रहीमभाई स्टेअरिंगवरून ओरडले, "भाऊ, चढून राह्यली! पैशाचं कायले रडता?" रडत नव्हतो. हसून पोट दुखत होतं.

सोम. १०
भंगारवाल्याचा फोन. उचलला नाही.

बुध. १२
सकाळी गुरुजी दारात. चहा नको म्हणाले.
"भाऊ, दीड रुपया कळंबपर्यंतचा. परतीचं तिकीट तुमी देलंच नाही."
"राहिलं."
"मंग आम्ही बत्तीसच्या बत्तीस विनातिकीट आलो. दंड असते त्याले." तीनशे रुपये टेबलावर. "पावती लागन. पंच मारून."
पंच शोधायलाच दहा मिनिटं गेली. जाताना म्हणाले, "बाकीच्यायले ग्रुपवर कळवतो. हेडमास्तर होतो म्या."

गुरु. १३
संध्याकाळपर्यंत चौदा जणांचा दंड जमा. हिची अट होती, घरातला आणखी एक पैसाही गाडीत नाही. जेवताना आज पर्स उघडली. "मीही विनातिकीटच आली न. घ्या. दंड घरखर्चात धरत नाहीत." पंधरा.

शुक्र. १४
तेवीस. एकाने उमरखेडहून फोन केला, "उद्या एस.टी.नं येतो. तिकीट काढून."
छापखान्याला नव्या तिकिटाचा मजकूर सहाच्या आत हवा होता. 'जाणे-येणे' ठळक घातलं. भाड्याची जागा तेवढी कोरी. रहीमभाईंचं मत, "दीडच राहू द्या भाऊ. दंडावर गाडी मस्त चालते." छापखानेवाला थांबायला तयार आहे.

शनि. १५, सकाळी ११.४०
एकोणतीस. विम्याचं ऑफिस आपल्या गल्लीपासून दहा मिनिटं. रहीमभाई गाडीची पितळी घंटा पुसून राहिलेत, तिसऱ्यांदा. गुरुजी पंच हातात घेऊन फाटकाशी उभे, आल्या-गेल्याला विचारतात, "रविवारी गाडीत होते काय?"
स्टँडच्या बाजूने तिघं येताना दिसतायत. पैकी एकाच्या हातात तिकीट आहे, आपलं की एस.टी.चं ते इथून दिसत नाही.